हुसेनसागरावरची शिडं आणि आमच्या घरातली पाण्याची भीती



गेल्या आठवड्यात ग्रुपवर जुने फोटो टाकायची टूम निघाली, तेव्हा मीही एक टाकला. निळ्या शिडाची छोटीशी बोट, तिच्या काठावर बसून मागे पाण्याकडे झुकलेली एक बाई, आणि मागे धूसर टँक बंड. बऱ्याच जणांनी विचारलं, "काकू, ह्या तुम्हीच का?" हो, मीच. १९९४ चा पावसाळा. मग एकीनं लिहिलं, "आपल्या घरातल्या बाया गणपती बुडवायला सोडून हुसेनसागरला कधी गेल्या नाहीत, तुम्ही तिथं पोचलात तरी कशा?" त्याचं उत्तर एका ओळीत देता येईना, म्हणून लिहायला बसले. लांब झालंय. चहा घेऊन वाचा.

गोष्ट तलावाची आहे, पण सुरू होते मुसीच्या पुरापासून.

२८ सप्टेंबर १९०८. हैदराबादच्या जुन्या घरांत ही तारीख अजून निघते. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळपर्यंत मुसी नदी शहरात शिरली. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाट पूल, तिन्ही गेले. हजारो माणसं गेली. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे, त्याच्या फांद्यांवर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. त्या पुरानंतरच सर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव बांधले गेले. हे सगळं पुस्तकात मिळतं.

पुस्तकात नाही ते आमच्या घरातलं. माझी आजी, वडिलांची आई, तेव्हा सात वर्षांची होती. अफझलगंजच्या मागे त्यांचं घर. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवर चढवलं आणि बाकीच्यांना आणायला ते परत खाली उतरले. ते आले, पण आजीची आई आणि धाकटा भाऊ आले नाहीत. आजी ऐंशीच्या पुढे जगली. नया पुलावरून रिक्षा जाताना ती दर वेळी हात जोडायची आणि डोळे मिटून घ्यायची. आम्हा नातींना विहिरीच्या काठाशी उभं राहायची परवानगी नव्हती. पोहणं तर सोडाच. माझ्या भावांना चुलत्यांनी विहिरीत ढकलून शिकवलं, आम्हाला नाही. "मुलींनी पाण्याजवळ जाऊ नये," एवढंच वाक्य. त्यामागचा पूर हळूहळू विसरला गेला, वाक्य मात्र राहिलं. माझ्या आईनं ते मला सांगितलं आणि मी माझ्या मुलीलाही दोन-चारदा सांगून बसले होते.

आता हुसेनसागर. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ च्या सुमारास, हजरत हुसेन शाह वलींच्या देखरेखीखाली हा तलाव बांधला. म्हणजे चारमिनारपेक्षाही जवळजवळ तीस वर्षांनी जुना. १८०६ मध्ये तलावाच्या उत्तरेला इंग्रजांची छावणी वसली आणि सिकंदर जाह निझामाच्या नावावरून सिकंदराबाद झालं. छावणीतल्या साहेबलोकांना करमणुकीला पाणी मिळालं. वल्ह्यांच्या आणि शिडांच्या बोटी या तलावावर आल्या त्या त्यांच्यामुळे. साहेब गेले, बोटी राहिल्या. त्या पुढे मुख्यतः लष्करातल्या लोकांनी सांभाळल्या. तिरुमलगिरीला ईएमईचं कॉलेज आहे, त्यांच्या सेलिंग असोसिएशननं १९८० च्या दशकापासून 'हैदराबाद सेलिंग वीक' चालवला आणि देशभरातले लेझर बोटीवाले दर पावसाळ्यात इथे यायला लागले. समुद्रापासून इतक्या लांब, दख्खनच्या पठारावरच्या एका तलावात, शर्यती का? तर वारा. आषाढ-श्रावणात पश्चिमेकडून येणारा वारा तलावावर दिवसभर वाहतो, आणि लाटा मोठ्या नसतात. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा बरी जागा मिळणं कठीण.

आमचे आजोबा परभणीहून निझामाच्या रेल्वेत नोकरीला आलेले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे परगावी गेलो असं कुणाला वाटलं नसेल. १९५६ मध्ये राज्यं बदलली, मराठवाडा तिकडे गेला आणि आपण इथे राहिलो. शाळा विवेक वर्धिनी, पुस्तकं इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून, भाजी सुलतान बाजारातून. या सगळ्यात तलाव कुठेच नव्हता. त्याच्या बांधावरून सिकंदराबादला जायचं, एवढाच त्याचा उपयोग.

माझं लग्न झालं आणि आमच्या ह्यांना शिडाच्या बोटीचा नाद आहे हे कळलं. कारखान्यातल्या एका निवृत्त लष्करी साहेबांनी ह्यांना लावलेला. दर रविवारी सकाळी सायकल काढून जायचे, दुपारी उन्हानं रापून आणि हिरवट पाण्याचा वास घेऊन यायचे. मी बँकेत नोकरीला, घरात सासूबाई, दोन मुलं. रविवारी मला इडलीचं पीठ, आठवड्याचे कपडे आणि मुलांचा अभ्यास. क्लबचं नाव इथं लिहीत नाही. पुढे त्यातल्या माणसांबद्दल थोडं बोलणार आहे आणि त्यातली काही आता नाहीत.

१९९१ च्या जुलैमध्ये ह्यांच्या जोडीदाराचा हात मोडला. बोट एंटरप्राइज. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसानं १९५६ मध्ये आखलेली, चार मीटर लांब, दोन शिडं, आणि शिडं निळी असायची हीच तिची ओळख. ती दोघांची बोट, एकट्याला शर्यतीत नेता येत नाही. शनिवारी रात्री हे सहज म्हणाले, "तू येतेस का उद्या? फक्त दोर धरायचा."

मी नाही म्हटलं. पोहता येत नव्हतं, हे खरं कारण. पण ते सांगायला लाज वाटली, म्हणून मुलांची परीक्षा सांगितली. सासूबाई आतून म्हणाल्या, "परीक्षा सप्टेंबरात आहे." झालं. मी गेले. सलवार-कमीजवर लाइफ जॅकेट चढवलं आणि पहिल्या दिवशी दीड तास डोळे अर्धे मिटून बसले.

त्या दिवसांत तलावाच्या तळाशी बुद्ध होता, हे आता नव्या मुलांना सांगावं लागतं. अठरा मीटर उंचीची, एकाच दगडातली ती मूर्ती १० मार्च १९९० ला तराफ्यावरून नेताना पाण्यात गेली, तिच्याबरोबर माणसंही गेली. १ डिसेंबर १९९२ ला ती वर काढून मधल्या खडकावर उभी केली. म्हणजे माझे पहिले दोन पावसाळे आम्ही बुद्धाच्या वरून बोट चालवत होतो. मला सारखं वाटायचं की आपण उलटलो तर त्याच्याच अंगावर पडणार. आजीची आई आणि भाऊही डोळ्यांसमोर यायचे. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात मी महिलांच्या बॅचला पोहायला लागले. वय तेहतीस. बरोबर आठ-दहा वर्षांच्या मुली. महिनाभर कठडा सोडवेना. मार्चपर्यंत तलावाची एक आडवी फेरी मारता येऊ लागली, आणि घरी आल्यावर आधी मुलीला घेऊन परत गेले. ते जुनं वाक्य आमच्या घरात तिथेच थांबलं.

एंटरप्राइजवर माझं काम पुढच्या शिडाचं, म्हणजे जिबचं. वारा जोराचा आला की बोट कलते, मग पायपट्ट्यांत पाय अडकवून काठावरून मागे वाकायचं आणि आपल्या वजनानं तिला सरळ ठेवायचं. बोट वळवताना वाकून शिडाच्या आडव्या दांड्याखालून दुसऱ्या बाजूला जायचं. हे चुकलं की दांडा डोक्यात बसतो. मला तीन वेळा बसला. दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही उलटलो. पाणी डोक्यावरून गेलं, नाकात शेवाळाचा वास, आणि वर आले तर समोर बोटीचं पोट. हे ओरडत होते, "फळीवर चढ! फळीवर!" बोटीखाली पाण्यात सोडलेली फळी असते, ती उलटल्यावर आडवी बाहेर येते. तिच्यावर उभं राहून काठ धरून मागे झुकलं की बोट हळूहळू उठते. मी चढले, झुकले, बोट उठली. नंतर अर्धा तास बादलीनं पाणी उपसलं. घरी येताना मी रिक्षात हसत होते, हे अजून आठवतं. पाण्यात पडून परत आले होते. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईला तोवर हे माहीत नव्हतं की पडून परत येता येतं.

पण मंडळी, एक कबूल करते. सहा वर्षं मी त्या बोटीवर होते, चांगली क्रू म्हणून नावही झालं, आणि तरी मला बोट चालवता येत नव्हती. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ह्यांच्या हातात. कुठे वळायचं, कुणाच्या पुढून जायचं, सुरुवातीच्या रेषेवर कुठे उभं राहायचं, सगळं ते ठरवणार. ते म्हणतील तेव्हा मी दोर ओढणार. ते वाईट नव्हते, उलट फार संयमानं शिकवायचे. पण मला विचारावं असं त्यांना सुचलं नाही, आणि मागावं असं मलाही सुचलं नाही. संसारही आमचा तसाच चालला होता. दोघांनाही त्यात काही वेगळं दिसलं नाही.

१९९७ च्या शेवटी ह्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी सांगितलं, बोट बंद. मलाही वाटलं, संपलं आपलं. जून उजाडला, पहिला वारा सुटला, आणि रविवारी सकाळी मी इडल्या करताना सारखी खिडकीबाहेर झाडाकडे बघत होते. हे म्हणाले, "जा की. लेझर घे." मी म्हटलं, "एकटी?" तर म्हणाले, "दोरही तूच धर, टिलरही तूच धर. भांडायला कुणी नाही."

लेझर एकट्याची बोट. ब्रूस कर्बी या कॅनडातल्या माणसानं आखलेली, सव्वाचार मीटर लांब, एकच शीड. हलक्या माणसासाठी तिचं छोटं शीड असतं, पावणेसहा चौरस मीटरच्या आसपास, त्याला रेडियल म्हणतात. मी ते घेतलं. तेव्हा मी चाळिशीची.

पहिले दोन महिने मी शर्यतीत कायम शेवटची. बाकीचे किनाऱ्यावर पोचून बोटी धुवायला लागायचे, तेव्हा मी शेवटचा बोया वळत असे आणि समितीच्या बोटीवरची माणसं माझ्यासाठी ताटकळत बसलेली. एकदा बोनालूचा रविवार होता. महांकाळीच्या देवळाकडून ढोल ऐकू येत होते, वारा पूर्ण पडलेला, आणि मी एकटी तलावाच्या मधोमध बुद्धाकडे बघत चाळीस मिनिटं बसले. चिडचिड झाली, मग भूक लागली, मग एकदम लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये.

शिकले ते असं बसून. वाऱ्याचा झोत येण्याआधी पाण्यावर काळसर डाग सरकत येतो, तो बघायला शिकले. डाग पोचायच्या आत काठावर सरकायचं, पोचल्यावर नाही. टँक बंडाच्या दिव्याच्या खांबांवरचे झेंडे एक दिशा सांगतात आणि नेकलेस रोडजवळचं गवत दुसरी, आणि बोट जिथे आहे तिथला वारा तिसराच असतो. विसर्जनानंतरचे दोन-तीन आठवडे पाण्यात मूर्तींच्या बांबूंचे सांगाडे तरंगायचे, त्यात फळी अडकली की बोट जागच्या जागी थांबायची. तेव्हा फळी वर ओढायची, बाप्पाची मनातल्या मनात माफी मागायची आणि पुढे जायचं.

बोट येऊ लागली, तरी नंबर येईना. कारण मला कळत होतं, पण कबूल करायला वेळ लागला. मी सगळ्यांना वाट देत होते.

शर्यतीतला एक नियम सांगते, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. समोरासमोर दोन बोटी आल्या, तर जिच्या उजव्या बाजूनं वारा येतोय तिचा हक्क. ती सरळ जाणार. जिच्या डाव्या बाजूनं वारा आहे तिनं बाजूला व्हायचं. पंच शेजारी नसतो, शिट्टी नसते. म्हणून हक्कवाल्यानं ओरडायचा रिवाज आहे, "स्टारबोर्ड!" समोरचा ऐकतो आणि वळतो. मोठा साहेब असो, कालचं पोर असो, नियम एकच. मला तो तोंडपाठ होता. पण समोरून कुणी वेगानं आलं की माझा हात आपोआप टिलर फिरवायचा. हक्क माझा, वळायची मी. बँकेत रांगेत मध्ये घुसणाऱ्याला मी थांबवत असे, पण तिथे काउंटर होता मध्ये. पाण्यावर काही नव्हतं. आणि ओरडायचं कसं? आम्ही मोठ्यानं बोलणाऱ्या मुली नव्हतो.

२००३ चा ऑगस्ट. मालिकेची चौथी शर्यत, चांगला वारा, आणि मी पहिल्यांदा वरच्या बोयाकडे सहाव्या नंबरवर पोचत होते. वारा माझ्या उजवीकडून. समोरून क्लबातले एक ज्येष्ठ सभासद डावीकडच्या वाऱ्यावर आले. त्यांनी मला पाहिलं होतं. मी वळेन हेही त्यांना पक्कं माहीत होतं, पाच वर्षं वळतच होते ना. ते आले तसे आले. शेवटच्या क्षणी मी टिलर ओढला, बोट जवळजवळ उलटली, बोया हुकला. परत फिरून तो घेईपर्यंत पाच बोटी पुढे गेल्या. अकरावी आले.

किनाऱ्यावर आल्यावर हात थरथरत होते. बोट तशीच टाकून मी कचेरीत गेले आणि प्रोटेस्टचा फॉर्म मागितला. तिथल्या मुलानं आधी विचारलं, "किसके लिए, मॅडम?" क्लबात बाईनं फॉर्म मागितल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सुनावणी. टेबलावर तीन माणसं, दोन काडेपेट्या म्हणजे दोन बोटी, चहाचा कप म्हणजे बोया. मी काडेपेटी सरकवून सगळं नीट दाखवलं. समोरचे ज्येष्ठ काही बोलले नाहीत. मग अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही त्याच वेळी 'प्रोटेस्ट' असं ओरडून त्यांना सांगितलं होतं का?"

नाही. ना 'स्टारबोर्ड' ओरडले होते, ना 'प्रोटेस्ट'. 'स्टारबोर्ड' हा नुसता रिवाज, पण 'प्रोटेस्ट' हे लगेच ओरडून सांगणं नियमानं बंधनकारक. ते केलं नसेल तर बाजू खरी की खोटी, हे समिती बघतच नाही. तक्रार अवैध. पाच मिनिटांत संपलं.

बाहेर पडताना ते ज्येष्ठ माझ्याजवळ आले. वाटलं, टोमणा मारणार. ते म्हणाले, "भाभीजी, गलती मेरी थी. लेकिन मन में बोलोगे तो कौन सुनेगा?" मला इतका राग आला की उत्तर सुचलं नाही. चूक कबूल करायची ती सुनावणी संपल्यावर? रिक्षात रडले. पण त्यांचं वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी गच्चीत जाऊन ओरडायचा सराव करायला लागले. पहिला 'स्टारबोर्ड' असा निघाला की शेजारच्या कबुतरांनीही मान वळवली नाही. सासूबाई कोपऱ्यात पापड वाळत घालत होत्या. ऐंशी वर्षांच्या. नांदेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग म्हणाल्या, "अगं, गळ्यातून काय ओरडतेस? पोटातून ओरड. आमच्या मळ्यातून नदीपलीकडच्या गड्याला हाक मारायची तर अशी मारली असती का?" आणि त्यांनी मारून दाखवली. "ओऽऽ रामाऽऽ!" अशी हाक मी त्या घरात वीस वर्षांत ऐकली नव्हती. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

मग आम्ही दोघी ओरडलो. त्या 'रामा', मी 'स्टारबोर्ड'. हे खाली पेपर वाचत होते, ते वर येऊन बघून गेले.

मला तोवर वाटायचं, आपल्या बायकांना आवाजच नव्हता. तसं नव्हतं. सासूबाईंना मळ्यात आवाज होता. शहरात आल्यावर हाक मारायला नदीपलीकडे कुणी उरलं नाही, म्हणून तो बंद झाला. आणि माझी आजी? त्या सकाळी गच्चीवरून ती खाली बघून ओरडली असेलच. ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

२००४ चा जुलै. तोच बोया, तसाच वारा, आणि योगायोग म्हणा की छोटा क्लब म्हणा, समोरून तेच ज्येष्ठ. मी पोटातून ओरडले. त्यांनी मान वर केली, एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि बोट वळवली. माझ्या मागून गेले. मी त्या शर्यतीत चौथी आले, तेरा बोटींत. चौथ्या नंबराला काही मिळत नाही, पण ह्यांनी घरी येताना पुल्ला रेड्डीकडून पेढे आणले. आणि एक सांगायला हवं, त्याच महिन्यात मी स्वतः डाव्या वाऱ्यावर असताना एका पोराला आडवी गेले. त्यानं 'प्रोटेस्ट' ओरडायच्या आत मी बाजूला होऊन शिक्षेच्या दोन फेऱ्या मारल्या. हक्क मागायला शिकले तशी चूक भरायलाही शिकले, दोन्ही एकाच पावसाळ्यात.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की आपण किती उशिरा आलो. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येच हेलेन द पुर्तालेस या बाई शिडाच्या शर्यतीत विजेत्या संघात होत्या. पण फक्त स्त्रियांसाठी वेगळी शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती १९८८ ला, सोलला. माझ्या बोटीची, लेझर रेडियलची, स्त्रियांची शर्यत आली २००८ ला. त्याच बोटीत चेन्नईची नेत्रा कुमानन २०२१ ला टोकियो ऑलिंपिकला गेली, शिडाच्या बोटीत ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय स्त्री. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' निघाली, नौदलाच्या सहा मुली, पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला गोव्यातच परतल्या. बोटही गोव्यात बांधलेली, आणि सहांतली ऐश्वर्या बोड्डपाटी आपल्या हैदराबादची. इंदूर-देवासकडच्या मंडळींनो, तुमच्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिलाही समुद्र नव्हता, तलावच होता.

मी २०१६ पर्यंत शर्यती केल्या. एकूण दोन वेळा तिसरी आले, याच्या वर कधी नाही. आता गुडघे ऐकत नाहीत. सासूबाई गेल्या, हेही गेले. रविवारी अजून कधी कधी क्लबात जाऊन बसते. लहान मुली ऑप्टिमिस्ट बोटी घेऊन पाण्यात उतरतात, त्यातल्या बऱ्याच सरकारी शाळांतल्या. गेल्या पावसाळ्यात त्यातली एक नऊ-दहा वर्षांची पोर एका मोठ्या मुलाला वाट देऊन रडत परत आली. मी तिला बाजूला घेतलं आणि आम्ही दोघी पाण्याकडे तोंड करून ओरडलो. बांधावर शेंगदाणे विकणारा हसत उभा राहिला. तिसऱ्या वेळेला तिचा आवाज बरा लागला.

परवा उस्मानिया हॉस्पिटलला डोळे तपासायला गेले होते. येताना नातीला त्या चिंचेपाशी घेऊन गेले आणि पणजीच्याही आधीची ती गोष्ट सांगितली, पुरासकट. नातीनं विचारलं, "मग तुझ्या आजीला पोहायला कुणी नाही शिकवलं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग आपण शिकवलं असतं."

मंडळी, तुमच्या घरातही अशी एखादी भीती असेल, जिचं कारण आता कुणाला आठवत नाही. विहिरीची, आगगाडीची, माळ्याची. बडोद्याच्या सूरसागरची असेल, मांडवीची असेल. घरातलं जुनं माणूस अजून असेल तर विचारून घ्या. आणि आठवलं तर इथं लिहा. मी वाचते आहे.